कमलआत्याचे रविवार

भाईंदर पूर्वेला आमच्या चाळीत आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. चाळीच्या एका अंगाला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. सकाळी सात वाजले की पत्र्याच्या गोल चकत्या साच्यावर दाबल्या जायच्या, त्याचा धप्प धप्प आवाज भिंतीतून यायचा, आणि पॉलिशच्या चाकावर पातेलं टेकलं की दातांत कळ यावी तसा चिरका सूर निघायचा. त्या आवाजावर आई स्टोव्हला पंप मारायची, तांदळाची भाकरी थापायची, सुकट भाजायची. सुकटीचा वास आमच्या दप्तरांना, उशांना, वह्यांना. बाबा त्यातल्याच एका कारखान्यात टाइमकीपर होते. संध्याकाळी ते आमच्या समाजाच्या मंडळाचे सेक्रेटरी असायचे. चाळीतल्या आमच्या लोकांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. जयंतीला ते भाषण करायचे तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं डोळे पुसायची. माझा बाप चांगला माणूस होता हे मी आधीच सांगून टाकते. तो वाईट असता तर मी त्याला कधीच विसरले असते, साठी ओलांडल्यावर कागद पुढे घेऊन बसले नसते.

कमलआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि प्लास्टरमधलं मनगट घेऊन. मनगट तिच्या नवऱ्याने मोडलं होतं. बाबा स्वतः खेडला गेले, तिच्या सासरच्या अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, “माझी बहीण या घरात परत येणार नाही.” आणि तिला घेऊन आले. आत्या मॅट्रिक झालेली होती. वर्षभरात तिला फोर्टमधल्या एका मोठ्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. सोमवार ते शनिवार ती कानाला हेडफोन लावून लोकांना जोडून द्यायची. रविवार मात्र तिचा स्वतःचा. रविवारी सकाळी ती फिकट निळी नाहीतर पिवळी साडी नेसायची, पर्स घ्यायची आणि मला म्हणायची, “नंदे, वेणी घातलीस का? चल.” मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

आम्ही मुंबई बघायला जायचो. नातेवाईक बघायला नाही, लग्नाला नाही, दवाखान्यात नाही. नुसती बघायला. आधी एखादी बाग, मग एखादं जुनं हॉटेल, असा तिचा क्रम होता. राणीच्या बागेत ती जनावरांकडे फार बघायची नाही, तिला तिथली झाडं आवडायची. एखाद्या भल्या मोठ्या बुंध्याला हात लावून उभी राहायची आणि पाटी मोठ्याने वाचायची. मलबार हिलवरच्या बागेत झुडपं कापून केलेले हत्ती आणि बैलगाड्या होत्या, त्यांच्यावर ती खूप हसायची. माटुंग्याच्या एका गोल बागेत आम्ही दोन-दोन तास बसायचो. ती चपला काढून पाय गवतावर ठेवायची. आमच्या भाईंदरला तेव्हा बसायला जागा म्हणून नव्हती. देवळाची पायरी, नळाची रांग, नाहीतर स्वतःच्या दाराचा उंबरठा, बाईने बसायचं ते एवढ्याच ठिकाणी, आणि तिथेही हातात काहीतरी निवडायला घेऊन. आता मीरा रोडला आमच्या इमारतीजवळ बाग आहे. चांगली आहे. पण दुपारी तिला कुलूप असतं आणि गवतावर बसलं की वॉचमन शिट्टी मारतो. घरातली कामं उरकून बाईला जी एकच वेळ मोकळी मिळते, नेमकी तीच वेळ बंद! परवा मी त्या वॉचमनशी कडाकडा भांडले. “आंटी, मेरे को क्यूं बोलते हो, टायमिंग मैंने थोडी बनाया,” असं तो म्हणाला. खरं होतं त्याचं. पण भांडायला दुसरं कोण सापडतं?

तेव्हाही असे भेटायचे. एकदा एका बागेतल्या रखवालदाराने आमच्या बाकाभोवती तीन चकरा मारल्या आणि शेवटी विचारलंच, “लेडीज लोग अकेला इधर कायको बैठा है? किसका इंतजार है?” आत्या म्हणाली, “अकेला किधर है? हम दो है. और इंतजार हॉटेल खुलने का है.” तो गेल्यावर मी हसले, पण आत्या हसली नाही. तिचा हात पर्सच्या बंदावर आवळला होता.

हॉटेलं मात्र मी आजही डोळे मिटून सांगू शकते. धोबीतलावाजवळच्या इराण्याकडे संगमरवरी टेबलं, काळ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि बनमस्क्यावर मस्क्याचा एवढा जाड थर की दाताची खूण उमटायची. माटुंग्याच्या सांबाराला घरच्या आमटीत कधीच न आलेला गोडसर वास. आणि गिरगावातलं एक मराठी उपाहारगृह, ज्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांचा काही दोष नव्हता. तिथे कोथिंबीर वडी बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, थालीपिठावर घरच्या लोण्याचा गोळा, आणि पितळी पेल्यात पीयूष. आत्या प्रत्येक ठिकाणी एकच पदार्थ मागवायची, ज्यासाठी ते हॉटेल ओळखलं जायचं तो. मग वेटरला विचारायची, “तुम्ही किती वर्षं इथे? आधी कोण होतं?” आणि ती कधीही कोपऱ्यात बसायची नाही. फॅमिली रूमचा पडदा बाजूला करून वेटर बोलावू लागला की म्हणायची, “नको, इथेच.” बरोबर मधल्या टेबलाशी.

का, ते तिने मला एका बाकावर सांगितलं. ती सहा-सात वर्षांची असताना माझे आजोबा तिला बाजाराच्या गावी घेऊन गेले होते. तिथल्या हॉटेलबाहेर कोनाड्यात एक कानतुटका कप ठेवलेला असायचा, आमच्या लोकांसाठी. आजोबांनी तो स्वतः उचलला, स्वतः धुतला, पुढे धरला. मालकाने वरून चहा ओतला. अंगावर उडाला तरी आजोबा हलले नाहीत. मग कप पुन्हा धुऊन कोनाड्यात. “मला चहा नको होता, नंदे,” आत्या म्हणाली, “मला आत बघायचं होतं. आत पंखा होता, आरसा होता. पण दारातून वाकून बघितलं तर बापाने मागे ओढलं. मग मी ठरवलं, मोठी झाले की सगळ्या हॉटेलांत आत बसायचं. जेवढी जुनी, तेवढी आधी.” आजोबांच्या कपाची ही गोष्ट बाबांच्या भाषणात दरवर्षी असायची. त्यावर टाळ्या पडायच्या. आत्या म्हणायची, “दादा गोष्ट सांगतो. मी बसून येते.”

पण बसणं बाबांना आवडत नव्हतं. सुरुवातीला ते नुसते पेपर वर धरायचे. मग म्हणू लागले, “कमल, लोक विचारतात.” आत्या म्हणायची, “मग सांग ना त्यांना, बाग बघायला गेली.” “बाग एकदा बघतात. दर रविवारी काय नवीन झाड उगवतं?” आई मधे बोलायची नाही. रविवारी मटण असायचं आणि आई वाटणाचा पाटा घेऊन बसलेली असायची. आत्या निघताना म्हणायची, “वहिनी, एकदा चला की हो.” आई म्हणायची, “आणि यांना वाढणार कोण?” संध्याकाळी आम्ही परत आलो की बाबा नसताना हळूच विचारायची, “काय खाल्लंत गं? कसं होतं?” मी सांगत राहायचे आणि ती भांडी घासताना हात थांबवून ऐकायची. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, की मला तिच्यासाठी एक वडी कागदात गुंडाळून आणायचं एकदाही सुचलं नाही.

त्या रविवारी गिरगावातल्या त्या हॉटेलात फार गर्दी होती. आमच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. एक वयस्क गृहस्थ आले आणि “बसू का?” म्हणून बसले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले होते, दर रविवारी तिथे यायचे. आत्याने नेहमीचा प्रश्न वेटरला विचारला तर त्यांनीच उत्तर दिलं. पूर्वी इथे बायकांना बाजूच्या बोळातल्या दाराने आत घ्यायचे, आणि एकदा त्यांच्या आईने त्या दारातून जायला साफ नकार देऊन पुढच्या पायरीवर बसून घेतलं होतं, असं ते सांगत होते. आई पायरीवर आणि मालक हात जोडून उभा! आत्या हसली. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी तिला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही. खरं तेच लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते, मला राग आला. अर्धा तास ती माझ्याकडे वळलीच नाही. हे रविवार माझे होते. माझी वडी गार झाली तरी तिचं लक्ष नव्हतं. त्याच वेळी आमच्या चाळीतले सकपाळकाका, आमच्यापासून तिसऱ्या खोलीतले, कुणाबरोबर तरी गल्ल्यापाशी उभे होते. त्यांनी बघितलं आणि मान वळवली. मी त्यांना बघितलं. आत्याने नाही.

संध्याकाळी आम्ही जिना चढून वर आलो तेव्हा गॅलरीत मंडळाची बैठक बसली होती. बाबा खुर्चीवर, सतरंजीवर चार माणसं, त्यांत सकपाळकाका. कार्यक्रमाच्या मांडवाचं काहीतरी चाललं होतं, ते आम्हाला बघून थांबलं. बाबांनी आत्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, “नंदा, इकडे ये. आज कुठे गेला होतात?”

“गिरगावात. हॉटेलात.”

“बरोबर कोण होतं?”

आत्या म्हणाली, “दादा, मला विचार ना.”

“मी पोरीला विचारतोय. नंदा, खरं सांग. माणूस होता का कोणी?”

पाच पुरुष माझ्याकडे बघत होते. मी घाबरले होते, हे खरं. पण दुपारचा राग अजून पोटात होता, हेही खरं. मी म्हटलं, “होता. आत्याशी बोलत होता. आत्या हसत होती.”

एवढंच. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. जागा नव्हती म्हणून तो बसला, म्हातारा होता, आपल्या आईची गोष्ट सांगत होता, हे मी म्हटलं नाही. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, “नंदे, पुढचं सांग ना.” मी फरशीकडे बघत राहिले.

बाबा उठले. भाषणाला चढवायचे तोच आवाज त्यांनी चढवला. “तुला घरात घेतलं ते हॉटेलात माणसं गाठायला नाही घेतलं, कमल! नवऱ्याने टाकली ती उगीच नाही टाकली, असं म्हणतील लोक!” खाली नळावरच्या बायकांनी वर बघितलं. कारखान्यांना सुट्टी होती, त्यामुळे प्रत्येक शब्द शेवटच्या खोलीपर्यंत गेला. नवऱ्याने तिला टाकली नव्हती. बाबांनी तिला त्या अंगणातून हात धरून आणली होती. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण चार माणसांसमोर त्यांच्या तोंडून ते वाक्य आलं. आत्या आत गेली आणि ट्रंक ओढली. आई दाराला धरून उभी होती. सोमवारी सकाळी आत्या ट्रंक घेऊन कामावर गेली आणि परत आली नाही. बायकांच्या एका होस्टेलात राहते असं पुढे कळलं.

त्यानंतर घरात तिचं नाव बंद झालं. उत्तनची एक कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिला आत्या फार आवडायची. ती महिनाभर विचारत राहिली, “तुजी नणंद कुठं गेली गो? दिसत न्हाय.” आई म्हणायची, “बदली झाली.” कोळणीने शेवटी पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “बदली न्हाय गो. तोंडावरनं दिसतंय तुज्या.” आईने त्या दिवशी मासळी घेतली आणि साफ करता करता रडली. मी रडले नाही. मी सात वर्षं आत्याला पत्र लिहिलं नाही, ऑफिसात जाऊन भेटले नाही. तिच्यासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती. कॉलेजात असताना बागेतून जायची वेळ आली की मी लांबचा रस्ता घ्यायचे.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी घरी आले आणि जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. घशात अडकलेलं काढून टाकावं तसं सांगितलं. तो माणूस कोण होता, का बसला, आत्या कशावर हसली, मी काय गाळलं आणि का गाळलं. बाबा जेवत होते. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, “मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“पुढच्या रविवारी मी गेलो होतो तिथे. मास्तर होते. त्याच टेबलाला होते. मी कमलचा भाऊ म्हटल्यावर मलाच विचारलं, त्या दोघी आल्या नाहीत का आज. सज्जन माणूस. त्यांनी सगळं सांगितलं.”

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, “म्हणजे आठ दिवसांत तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग?”

“मग काय? बोलून गेलो होतो, नंदा. चार माणसांसमोर बोललो होतो. मंडळाचा सेक्रेटरी म्हणून परत त्यांनाच काय सांगायचं, माझं चुकलं?”

मी हातातला घास ताटात टाकला. सात वर्षं माझा बाप माझ्यासमोर बसून जेवला होता. मी आरशात स्वतःचं तोंड बघायला घाबरत होते तेव्हा तो शेजारी दाढी करत होता. दरवर्षी तो माईकवर कपाची गोष्ट सांगत होता. आणि त्याला माहीत होतं! मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आई म्हणाली, “बोलू दे तिला,” एवढं आठवतं. आईने आयुष्यात बाबांना गप्प केलेलं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आत्याच्या ऑफिसखाली जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली. केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं आणि थांबली, जवळ आली नाही. मी फुटपाथवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बाबांचं उत्तरही. ती म्हणाली, “सात वर्षं मी तुझ्यावर दात खात होते, नंदे. दादाला कुणी सांगितलं नाही म्हणून त्याला कळलं नाही, असं मी धरून चालले होते. तुला मनात काय काय बोलले मी.” मी म्हटलं, “आत्या, मला माफ कर.” ती म्हणाली, “तू चौदा वर्षांची होतीस म्हणून तुझं काहीच नव्हतं, असं मी म्हणणार नाही. तुझं होतं. पण तुझं तेवढंच होतं. बाकीचं त्याचं आहे.” आणि घड्याळ बघून आत गेली.

रविवारी सकाळी ती चाळीत आली. जिना चढून वर आली आणि दारात थांबली. बाबा पेपर वाचत होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला, हे मला सांगायलाच हवं. “कमल! ये, आत ये. अगं, कमल आलीय, चहा टाक.”

“आत नाही, दादा. तू बाहेर ये. बाहेर बोलला होतास.”

बाबा गॅलरीत आले. त्या चार माणसांपैकी दोघं चाळ सोडून गेले होते, एक वारला होता. “सकपाळभाऊंना बोलाव,” आत्या म्हणाली. मी जाऊन त्यांना बोलावलं. ते बनियनवरच आले, खांद्यावर टॉवेल. आत्या म्हणाली, “आता सांग.”

बाबा कठड्याला धरून उभे होते. ओठ हलवून काहीतरी पुटपुटले.

“मोठ्याने बोल, दादा. तेव्हा मोठ्याने बोलला होतास.”

खालचे नळ चालू होते. एकेक दार उघडत होतं. बाबांनी घसा साफ केला. “कमलचं काही चुकलं नव्हतं,” ते म्हणाले. मग एकदम आवाज चढला, जवळजवळ ओरडलेच, “मी खोटं बोललो होतो तिच्याबद्दल. मला कळलं होतं, तरी गप्प बसलो.” त्यांची मान खाली गेली. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एखादं काम संपलं की असतं तसं काहीतरी होतं. तिने पदर सारखा केला, आईच्या हाताला हात लावला आणि वळून जिना उतरू लागली.

सकपाळकाकांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “जाऊ द्या, सेक्रेटरी. झालं गेलं. आता कशाला उगाच जुनं उकरायचं?”

माझ्या डोक्यात जे काही होतं ते सगळं एकदम जिभेवर आलं. मी काकांच्या आणि त्यांच्या खोलीच्या दाराच्या मधे जाऊन उभी राहिले.

“काका,” मी म्हटलं, “आता तुम्ही बोला. त्या दिवशी काय बघितलंत आणि घरी येऊन काय सांगितलंत, ते. मोठ्याने बोला.”

जिन्यावर आत्याच्या चपलांचा आवाज थांबला.